स्वमग्नतेचा आरोपी शोधताना

मूल तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, खेळण्यातली गाडी चालवायची सोडून तिचे एकच चाक तासभर फिरवत बसते. डॉक्टर तपासून सांगतात, ही स्वमग्नता आहे, ऑटिझम. नागपुरातल्या घरात हे निदान पोचले की पुढचे प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात. पहिला सुनेला विचारला जातो: ‘तुमच्या माहेरी असं कोणी होतं काय?’ दुसराही तिलाच: ‘जेवताना मोबाइल तूच देत होतीस ना?’ धरमपेठेतला बंगला असो की इतवारीतले दोन खोल्यांचे घर, प्रश्न बदलत नाहीत. फार तर भाषा सौम्य होते.

या दोन प्रश्नांमागे दोन मते आहेत आणि ती आज आपल्या समाजात निर्विवाद मानली जातात. पहिले मत असे की स्वमग्नता रक्तातून येते, म्हणजे कोणत्या तरी घराण्याचा तो दोष आहे. दुसरे मत असे की ती रक्तातून येत नाही, आजच्या संगोपनातून येते. विभक्त कुटुंब, नोकरी करणारी आई, टीव्ही आणि मोबाइल यांनी ती निर्माण केली. ही मते एकमेकांच्या विरोधात आहेत, तरी एकाच घरात, एकाच तोंडून, एकाच संध्याकाळी ऐकू येतात. तसे होऊ शकते, कारण दोन्हींखाली एकच गृहीतक आहे: यात कोणीतरी दोषी असलेच पाहिजे, आणि ती बहुधा आई असणार. माझे म्हणणे असे आहे की स्वमग्नतेच्या मुळाशी जनुकांचा वाटा फार मोठा आहे, आणि तो वाटा नीट समजून घेतला तर दोषी शोधण्याला काही आधारच उरत नाही.

पूर्वपक्षाला आधी न्याय दिला पाहिजे. ‘आनुवंशिक’ ही कल्पना विदर्भाने पाठ्यपुस्तकातून घेतलेली नाही, सिकलसेल या रक्ताच्या आजारातून घेतली आहे. मध्य भारतातल्या सिकलसेलच्या वाहकांविषयी शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये १९५८ साली आला. पुढे संपत रामटेके यांनी नागपुरात या रुग्णांच्या कुटुंबांना एकत्र आणले आणि वर्षानुवर्षे त्यांच्यासाठी झगडले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या कामामुळे आपल्याकडच्या साध्या माणसालाही एक गोष्ट कळली. हिमोग्लोबिन घडवणाऱ्या एकाच जनुकात एक बदल असतो. आई आणि वडील दोघेही त्याचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता अशी की बाळाला आजार होईल. म्हणून लग्नाआधी रक्त तपासा. हे ज्ञान खरे आहे आणि त्याने जीव वाचले आहेत. तेव्हा ‘तुमच्या माहेरी कोणी होतं काय’ असे विचारणारी सासू अडाणी आहे, असे मी म्हणणार नाही. तिला आनुवंशिकतेचा एक प्रकार ठाऊक आहे. चूक एवढीच की तीच मोजपट्टी ती अशा ठिकाणी लावते जिथे ती बसत नाही.

स्वमग्नतेत जनुकांचा वाटा आहे हे सिद्ध कसे झाले, ते आधी पाहू. १९७७ साली सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या २१ जोड्या अभ्यासल्या. प्रत्येक जोडीत किमान एक मूल स्वमग्न होते. एकाच बीजापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न निघाली. वेगळ्या बीजांच्या १० जोड्यांत एकाही नाही. भाषेच्या आणि आकलनाच्या सौम्य अडचणीही मोजल्या, तेव्हा फरक आणखी स्पष्ट झाला: ११ पैकी ९ विरुद्ध १० पैकी १. दोन्ही प्रकारची जुळी एकाच आईच्या पोटी, एकाच घरात, एकाच संगोपनात वाढली होती. आईच्या वागण्याने स्वमग्नता होत असती, तर हा फरक पडायला नको होता. नमुना लहान होता, पण पुढच्या चाळीस वर्षांत मोठ्या अभ्यासांनी तेच दाखवले. २०१९ साली डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया इथल्या वीस लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लोकसंख्येत दिसणाऱ्या फरकापैकी सुमारे ८० टक्के भाग जनुकांशी निगडित निघाला. याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट स्वतंत्रपणे मोजली होती: जनुके वगळून, निव्वळ आईमुळे पडणारा प्रभाव. तो जवळपास नगण्य भरला. हा आकडा आपल्याकडच्या प्रत्येक बालरोगतज्ज्ञाने निदान सांगताना आजी-आजोबांसमोर मोठ्याने उच्चारावा, असे मला वाटते.

इथे एक सावधगिरी हवी. ८० टक्के याचा अर्थ अमुक एका मुलाची स्वमग्नता ऐंशी टक्के जनुकांतून आणि वीस टक्के बाहेरून आली, असा होत नाही. तो लोकसमूहातल्या फरकांचा हिशेब आहे. बाहेरची कारणेही आहेत: फार अकाली जन्म, गरोदरपणात घेतलेले फेफऱ्यावरचे व्हॅलप्रोएट हे औषध, गरोदरपणात झालेला रुबेला. (व्हॅलप्रोएट घेणाऱ्या बाईने हे वाचून औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये, मूल होऊ देण्याआधी डॉक्टरांशी बोलून बदलून घ्यावे.)

आता घराण्याचा मुद्दा. ‘आमच्या सात पिढ्यांत कोणी नाही, मग हे आनुवंशिक कसं?’ हा आक्षेप तर्कशुद्ध वाटतो. तो चुकतो, कारण जनुकांतला प्रत्येक बदल वाडवडिलांकडून आलेला नसतो. जन्मणाऱ्या प्रत्येक बाळात, तुमच्या-माझ्यातही, साठ-सत्तर बदल असे असतात जे आईच्या रक्तात नसतात आणि वडिलांच्याही नसतात. बीजपेशी तयार होताना किंवा गर्भधारणेच्या वेळी ते नव्याने घडतात. बहुतेक निरुपद्रवी असतात. एखादा मात्र मेंदूच्या घडणीला लागणाऱ्या जनुकावर पडतो. पेशींच्या जोडांवर काम करणारे शँक-थ्री आणि इतर अनेक जनुकांना चालू-बंद करणारे सीएचडी-एट ही त्यांतली दोन नावाजलेली नावे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशी १०२ जनुके ओळखली गेली. अशा बदलाला गोत्र कळत नाही. पत्रिका जुळवून, सगोत्र टाळून, दहा ठिकाणी चौकशी करून लग्न केले तरी तो टळत नाही, कारण तो आई-वडिलांच्या रक्तात नसतोच.

आणि हे नवे बदल बहुतांशी येतात कुठून? आइसलँडमधल्या कुटुंबांवर २०१२ साली झालेल्या अभ्यासाने ते दाखवले. वडिलांच्या वयाच्या प्रत्येक वाढत्या वर्षागणिक मुलात सुमारे दोन नवे बदल अधिक सापडतात. पुरुषाच्या बीजपेशी आयुष्यभर विभागत राहतात, आणि प्रत्येक विभागणीत नक्कल उतरवताना चूक होण्याची शक्यता असते. म्हणजे ज्या बाजूकडे कोणी बोट दाखवत नाही, तिकडूनच हे बदल जास्त येतात. मी हे वडिलांना उभे करण्यासाठी सांगत नाही. त्यांच्याही हातात यातले काही नव्हते. पण शतकानुशतके बोट एकाच दिशेने वळत आले आहे, त्याला पुराव्याचा काहीही आधार नाही, एवढे तरी स्पष्ट व्हावे.

पण स्वमग्नतेतला जनुकीय वाटा बहुतांशी या नव्याने घडणाऱ्या दुर्मीळ बदलांचा नाहीच. तो हजारो अगदी साध्या, सर्वत्र आढळणाऱ्या फरकांचा आहे. प्रत्येकाचा परिणाम नगण्य. ते एका विशिष्ट प्रमाणात एका मुलात एकत्र आले की चित्र बदलते. हे फरक तुमच्या रक्तात आहेत, माझ्या आहेत, शेजारच्यांच्याही आहेत. ज्या घरातले मूल उत्तम बोलते, त्या घरातही ते आहेतच. मग ‘दोष’ कोणत्या घराण्याचा? सिकलसेलबाबतही विदर्भाने ही चूक केलीच होती. त्या आजाराला विशिष्ट जातींचा आजार म्हणून बघितले गेले. पण तोच बदल एका पालकाकडूनच आला तर मलेरियापासून संरक्षण देतो, आणि मलेरियाच्या प्रदेशात तो टिकून राहिला तो त्यामुळेच. निसर्गात घडलेल्या बदलावर कलंकाचा शिक्का आपण मारतो.

पूर्वपक्षाचा एक भाग मात्र मान्य करायलाच हवा. फ्रॅजाइल एक्स नावाची एक स्थिती आहे. तिचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, १९९१ साली ते सापडले. त्यात एक छोटा तुकडा पुन्हापुन्हा येतो. त्याची आवर्तने दोनशेच्या वर गेली की जनुक बंद पडते. ही आवर्तने आईकडून मुलाकडे जाताना वाढतात. आई स्वतः ठणठणीत असू शकते, आणि तिच्या भावाला किंवा बहिणीच्या मुलाला हीच अडचण असू शकते. स्वमग्न मुलांत फ्रॅजाइल एक्सचे प्रमाण शंभरांत जेमतेम दोन-चार, तरी त्या घरांपुरता माहेरचा प्रश्न खरोखर महत्त्वाचा आहे. पण तो विचारायचा कोणी आणि कशासाठी? तो जनुकतज्ज्ञाने विचारायचा, कुटुंबवृक्ष काढताना, दोन्ही बाजूंना समान कसोशीने. पुढच्या मुलाचा निर्णय माहितीनिशी घेता यावा म्हणून. दिवाणखान्यात चारचौघांत तोच प्रश्न विचारला की बाई माहेरचा इतिहास लपवते, आणि उपयोगी पडली असती ती माहिती कायमची बुडते.

आता दुसरे मत, संगोपनाचे. हे मत आपल्याकडे नवे वाटते, पण ते अमेरिकेत ऐन भरात येऊन बदनाम होऊन गेलेले आहे. १९४३ साली लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेची ओळख जगाला करून दिली (सोव्हिएत डॉक्टर ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ मध्येच अशी मुले नोंदवली होती). कॅनर यांनी मूळ लेखात ही जन्मजात स्थिती असल्याचे म्हटले, पण पुढे पालकांच्या थंडपणावरही बोट ठेवले. ते सूत्र शिकागोच्या ब्रूनो बेटेलहाइम यांनी उचलले. नाझी छळछावणीतून सुटून आलेल्या या माणसाने १९६७ च्या आपल्या पुस्तकात स्वमग्न मुलाच्या स्थितीची तुलना छावणीतल्या कैद्याशी केली. मग आई कोण ठरली, हे सांगायला नको. हजारो बायकांनी हा आरोप वर्षानुवर्षे अंगावर वागवला. तो खोडणाऱ्यांत एक बापही होता: अमेरिकी नौदलातले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड, ज्यांचा मुलगा स्वमग्न होता. १९६४ साली त्यांनी ही जैविक स्थिती असल्याचे ग्रंथ लिहून मांडले. आणि १९६९ मध्ये पालकांच्या संमेलनात कॅनर यांनी स्वतः उभे राहून पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केले. ज्या माणसाच्या लेखणीतून आरोपाची सुरुवात झाली, त्याने तो मागे घेतल्याला अर्धशतक उलटले. सीताबर्डीपर्यंत ती बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

‘पण मोबाइल?’ कॅनर यांनी पाहिलेली मुले १९३० च्या दशकातली. तेव्हा मोबाइल तर सोडाच, घरात टीव्हीही नव्हता. मोबाइल फार बघणारी मुले स्वमग्न असलेली दिसतात हे खरे, पण कोण कोणाचे कारण? ज्या मुलाला माणसांच्या चेहऱ्यापेक्षा फिरणाऱ्या चित्रात अधिक रस आहे, जे आवाजाने बेचैन होते, त्याला शांत करण्याचा एकच उपाय थकलेल्या आईला सापडतो, आणि मग तोच उपाय कारण म्हणून तिच्या माथी मारला जातो. दोन वर्षांखालच्या मुलाच्या हाती स्क्रीन देऊ नये, हे निर्विवाद. स्क्रीनमुळे बोलण्याची, खेळण्याची वेळ जाते आणि भाषा मागे पडू शकते. पण ‘मोबाइल बंद करा, आपोआप बोलेल’ या सल्ल्यावर विसंबून कुटुंबे एक-दीड वर्ष घालवतात, आणि ते मेंदू सर्वांत वेगाने घडण्याचे वर्ष असते. ‘मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही पाचव्या वर्षी बोलला’ हे आश्वासनही त्याच जातीचे. मुलींबाबत आणखी वाईट. पोरगी शांत आहे, गुणी आहे, असे म्हणून तिच्याकडे कोणी पाहतच नाही.

लशीचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. १९९८ साली त्याच ‘लॅन्सेट’मध्ये बारा मुलांवरचा एक लेख आला, २०१० साली नियतकालिकाने तो मागे घेतला, आणि डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या २०१९ च्या अभ्यासात गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि स्वमग्नता यांचा काहीही संबंध आढळला नाही. उलट, रुबेला हे स्वमग्नतेचे एक सिद्ध कारण आहे, म्हणजे २०१८ अखेरच्या गोवर-रुबेला मोहिमेत ज्या पालकांनी अफवा ऐकून मुलींना शाळेतून परत नेले, त्यांनी संरक्षणच नाकारले.

एक गंभीर आक्षेप उरतो. जनुके वीस वर्षांत बदलत नाहीत, मग रुग्ण एवढे वाढले कसे? अमेरिकेत २००० साली आठ वर्षांच्या १५० मुलांत १ आढळत होते, २०२२ च्या मोजणीत ३१ मध्ये १. उत्तर मोजण्यात आहे. निदानाच्या व्याख्या १९८० नंतर रुंदावत गेल्या, पूर्वी ‘मतिमंद’ किंवा ‘विचित्र’ म्हणून गणली गेलेली मुले आता योग्य नावाखाली आली. वडिलांचे वाढते वय आणि अकाली जन्मलेल्या बाळांचे वाचणे यांचाही थोडा हातभार आहे. आपल्याकडे तर मोजणीच नव्हती. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हती, २०११ च्या जनगणनेच्या अपंगत्वाच्या रकान्यांतही नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तिचे नाव आले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांत तिचा समावेश झाला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या देशातल्या पाच ठिकाणच्या पाहणीत दोन ते नऊ वयाच्या मुलांत हे प्रमाण साधारण शंभरांत एक निघाले. ही मुले आधीही होती. ती मागच्या खोलीत होती.

आपल्या मुलखाचा याबाबतचा आणखी एक दृष्टिकोन आहे, आणि त्याविषयी माझ्या मनात आदर आहे. रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना लोक वेडे म्हणत आणि ईश्वरही मानत. ताजुद्दीन बाबांना इंग्रज सरकारने नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवले, तर लोक दर्शनाला तिथेच जाऊ लागले. या विभूतींना आजच्या निदानाची नावे लावणे मूर्खपणाचे ठरेल. पण चारचौघांसारखे न वागणाऱ्या माणसाला विदर्भाने दारात उभे केले, जेवू घातले, हे या परंपरेचे मोठेपण आहे. तिची मर्यादा अशी की ती अवलिया मानते तेव्हा शिकवायचे विसरते. पोट्ट्याला ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात, ताजबागेत नेऊन दोरा बांधणाऱ्या आजीची माया खरी आहे. तिने ताजबागेत जरूर जावे. पण वाणी-उपचारतज्ज्ञाकडेही जावे.

कारण ‘जनुकांतच आहे, मग करणार काय’ हे पहिल्या मताचे शेपूट सर्वांत घातक आहे. जवळची वस्तू दिसते पण लांबची धूसर, ही अडचण घराण्यातून येते, पण तेवढ्यावरून कोणी मुलाला चष्मा नाकारत नाही. गोव्यात आणि रावळपिंडीत ६५ मुलांवर झालेल्या एका चाचणीत साध्या, तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन पालकांना मुलाच्या इशाऱ्यांना प्रतिसाद कसा द्यायचा ते शिकवले. पालकांचा प्रतिसाद सुधारला, आणि मुले स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. निकाल २०१६ साली प्रसिद्ध झाले. स्वमग्नता नाहीशी झाली नाही, तसे कोणी म्हटलेही नाही. मूल आणि आई यांच्यातले दार थोडे उघडले. याउलट, लाखो रुपये घेऊन मूळपेशींच्या सुया टोचून ‘बरे’ करण्याचा जो बाजार आहे, त्याला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आधार नाही; मूळपेशींचा उपचार म्हणून वापर तिथे मोजक्या आजारांपुरताच मान्य आहे. दागिने मोडून त्या दारात जाणाऱ्या पालकांना अडवणे हे शेजाऱ्याचेही काम आहे.

शेवटी स्वमग्न मुलाच्या बहिणीच्या लग्नाचा प्रश्न, कारण खरे तर मूल लपवले जाते ते याच भीतीने. त्याला धीर देणारे गोड उत्तर देण्यापेक्षा खरे उत्तर देतो. एक मूल स्वमग्न असेल तर त्याच आई-वडिलांच्या पुढच्या मुलात ती असण्याची शक्यता पाचांत एक असते. स्वमग्न माणसाच्या भावा-बहिणीच्या मुलांमध्ये ती इतरांपेक्षा दोन-तीन पट जास्त, तरीही त्यांतल्या शंभर मुलांपैकी पंचाण्णवांच्या आसपास मुलांना स्वमग्नता नसते. एवढ्यावरून मुलगी नाकारणारे घर मधुमेहाच्या घरातली मुलगी मात्र बिनदिक्कत करून घेते.

नागपूरने सिकलसेलसाठी वस्त्या-वस्त्यांत जाऊन रक्त तपासले, कुटुंबे एकत्र बांधली, समुपदेशन उभे केले. स्वमग्नतेसाठी ते काम अजून व्हायचे आहे: शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि एम्समध्ये जनुकीय समुपदेशन सामान्य घरालाही परवडेल असे, अंगणवाडी ताईला लक्षणांचे प्रशिक्षण, आणि अशा मुलाला प्रवेश नाकारणाऱ्या शाळेला कायद्याची आठवण. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. विकासातल्या अडचणी लवकर हेरणे हे त्याच्या पथकांचे ठरलेले काम आहे, आणि त्यासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. तुमच्या घरातले किंवा शेजारचे दीड वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, तर त्याला या आठवड्यात तिथे न्या. सुनेच्या माहेरी फोन करू नका.